डॉक्टरबाईंचा नामदिवस

पेत्रोव्रिसी
मंगळवार, ४ मार्च २०१४, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय एव्हान्थिया आत्या,

आत्ताच शेळ्यांची धार काढून स्वयंपाकघरात बसलो आहे. हात दोनदा धुतले, तरी कागदाला वास लागला तर माफ कर. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि बाबा फोनवर नुसते ओरडतात, म्हणून लिहितो आहे. शुक्रवारच्या बसने ड्रायव्हर झिसिस हे पत्र आणि रानभाजी भरलेली रोटी तुझ्या दारी पोचवेल. उपासाचे दिवस म्हणून आत चीज नाही.

बातमी चांगली नाही. आरोग्य खात्याच्या विभागीय कार्यालयाकडून पत्र आले आहे. आपला दवाखाना ३० जूनला बंद होणार आणि डॉक्टर दानाईबाईंना घाटाखालच्या आरोग्यकेंद्रात हलवणार. कारण असे की गेल्या सबंध वर्षात दवाखान्यात फक्त एकोणचाळीस रुग्ण आल्याची नोंद आहे. पैसा कमी आहे, जिथे माणसे येतात तिथेच तो खर्च करावा लागतो, असे लिहिले आहे. भाषा सभ्य आहे, शुद्धलेखनाची एकच चूक आहे.

बाबांचे तुला माहीत आहे. नाडी अजून अडखळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि दर पंधरवड्याला बोटातून रक्त काढून तपासावे लागते. गोळी कमी पडली तरी धोका, जास्त झाली तरी धोका. दवाखाना गेला तर एवढ्यासाठी घाट उतरून दीड तास जायचे आणि दीड तास यायचे. बर्फाने रस्ता बंद होतो तेव्हा काय करायचे, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी बाबांना म्हटले, "मग यानिना शहरात आत्याकडे राहावं लागेल." ते म्हणाले, "आणि शेळ्या? तिच्या गॅलरीत बांधू? चौथ्या मजल्यावर?" आणि उठून गोठ्यात गेले, ते अजून आलेले नाहीत.

गावाने समिती केली आहे. कॉफीखानावाला आखिलेआस अध्यक्ष आणि मी सचिव. मी शाळा अर्ध्यावर सोडली आहे हे मी सभेत सांगितले, पण आखिलेआस म्हणाला, "तुझ्या लिहिण्यात चुका नसतात, आमच्या असतात. विषय संपला." तू इस्पितळात तीस वर्षे सफाईचे काम केलेस आणि संघटनेतर्फे साहेबांशी भांडलीस. निवेदनात काय लिहावे ते कळव. मी चार मसुदे केले आणि चारही फाडले.

तुझा,
लाम्ब्रोस


यानिना, ११ मार्च

लाम्ब्रो बाळा,

रोटी पोचली. मीठ कमी होतं, म्हणजे तूच केलीस. भिऊन भिऊन मीठ घालणारा आपल्या घरात दुसरा कोणी नाही.

निवेदनाचं म्हणशील तर मी आयुष्यात ढीगभर निवेदनं दिली. कुणाच्या ना कुणाच्या खणात ती अजून पडली असतील. काम झालं ते ज्या दोन वेळा आम्ही कागद नेला नाही, माणसं नेली, तेव्हा. त्यामुळे फाडलेस ते बरं केलंस.

पण आधी मला हे कळू दे. गावात दीडशे माणसं, त्यातली निम्मी सत्तरीपुढची, आणि वर्षात एकोणचाळीस भेटी? सगळे अमर झालात आणि मला कळवलं नाहीत? मागच्या इस्टरला आले होते तेव्हा त्या पोलिक्सेनीने मला गुडघा, कंबर आणि पित्ताशय असं क्रमाने ऐकवलं होतं. तिने एकटीने एवढ्या भेटी भरून काढायला हव्यात. तेव्हा आकडा खोटा आहे की तुम्ही खोटे आहात, ते शोध. मग कागद उघड.

आणि उगाच जीव टांगणीला लावू नकोस. काही झालंच तर तुझ्या बापाला, स्तेर्गिओसला, इकडे पाठव. इस्पितळ इथून दोन थांब्यांवर आहे. मागची खोली मी रंगवून घेतली आहे. शेजाऱ्यांचा निळा रंग उरला होता. खोलीत उजेड चांगला येतो. शहरातलं तळं दिसत नाही, पण उजेड येतो.

आत्या

ता. क. रोटीची परात परत पाठवते आहे. रिकामी पाठवायची पद्धत नाही, म्हणून संत्री घातली आहेत.


पेत्रोव्रिसी, गुरुवार, २७ मार्च

प्रिय आत्या,

आकडा खरा आहे. खोटे आम्हीच.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे कॉफीखान्यात जमले. आखिलेआसने मला पत्र मोठ्याने वाचायला लावले. एकोणचाळीस हा आकडा ऐकताच पोलिक्सेनीबाई उभ्याच राहिल्या.

"साफ खोटं! मी परवाच दाखवलं डॉक्टरबाईंना. त्याच्या आदल्या आठवड्यातही दाखवलं."

"कुठे?" मी विचारले. मला टिपून घ्यायचे होते.

"कुठे म्हणजे? इथेच. त्या टेबलावर."

"मीही इथेच," मागून कोणीतरी म्हणाले.

कोस्मास गवंडी म्हणाला, "मी त्या खांबाआड. शर्ट वर करून."

सगळ्यांनी शेगडीजवळच्या टेबलाकडे पाहिले. तिथे डॉक्टरबाई बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे कॉफीचे तीन कप होते. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी पाजलेले.

आत्या, मी रोज तिथून जातो. रोज बघतो की डॉक्टरबाई अकरा वाजता कॉफीला येतात आणि एकेक जण त्यांच्याजवळ खुर्ची सरकवतो. मला कधीही वाटले नाही की हे काही मोजण्यासारखे आहे. बाबांचे रक्तसुद्धा त्या तिथेच तपासतात. यंत्र खिशातच असते.

"पण दवाखान्यात का जात नाही तुम्ही?" डॉक्टरबाईंनीच विचारले.

"कसं जाणार, बाई?" पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "दार भर चौकात. मी आत पाय टाकला की दुपारपर्यंत माझ्या लेकीला अथेन्समध्ये कळणार की आई शेवटचे श्वास मोजतेय."

बाबा कोपऱ्यात होते. ते सभेत कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "तिथे तुम्ही फुकट तपासता. आम्ही काय हात पसरून यायचं? इथे निदान तुम्हाला कॉफी तरी पाजता येते." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या गावाचे इतक्या लवकर एकमत झालेले मी पाहिले नव्हते.

कोस्मासचे आणखी वेगळे निघाले. बांधकामे थांबल्यापासून त्याला काम नाही, म्हणून त्याच्या आरोग्यविम्याच्या पुस्तकावर यंदाचा शिक्का नाही. त्या दाराआड जायचा आपल्याला हक्कच नाही, असे तो धरून चालला होता. तो म्हणाला, "इथे मी कॉफी पाजतो, डॉक्टरबाई माझी छाती ऐकतात. दोघं बरोबरीत."

"कोस्मास," डॉक्टरबाई म्हणाल्या, "शिक्का असो नसो, माझं दार तुम्हाला उघडं आहे. आणि खरं सांगू का, रोज एवढी कॉफी माझ्या पोटाला झेपत नाही." लोक हसले, पण डॉक्टरबाईंचे डोळे भरले होते. चूक आपलीही आहे, असे त्या म्हणाल्या. शहरातून आलेली मुलगी. कॉफीला नाही म्हटले तर गाव दुखावेल, असे त्यांना वाटले. दवाखान्यात जे घडते तेवढेच त्यांना नोंदवता येते.

ठराव एकमताने झाला की सोमवारपासून सर्वांनी दवाखान्यात जायचे. सोमवारी कोणी गेले नाही. मंगळवारी सणाची सुट्टी होती. बुधवारी पोलिक्सेनीबाई पायरीपर्यंत गेल्या, चौकात पाद्रीबाबांची बायको दिसली, तशा वळून पाव आणायला गेल्या. पाव त्यांच्या हातात आधीच होता. जो तो म्हणतो, बाकीचे गेले की मी जाईन. बाबा म्हणतात, "मी कुठे आजारी आहे? माझी फक्त नाडी बिघडली आहे."

काय करावे? माझी झोप उडाली आहे.

लाम्ब्रोस

ता. क. उरलेला रंग वाया जाऊ दिला नाहीस हे चांगले केलेस. तेवढा भाग बाबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.


यानिना, २९ एप्रिल

लाम्ब्रो,

उत्तराला महिना लागला. गुडघा दुखत होता म्हणून लिहिता आलं नाही. इस्टरला आले नाही तेही त्यामुळेच.

तुमच्या सभेचं वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. मग रागही आला. तुझ्या बापाला माझ्या नावाने विचार, फुकट कसलं? चाळीस वर्षं शेतकरी विम्याचे हप्ते भरलेस ना? तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर कर भरलास ना? त्या मुलीची कॉफी तू केव्हाच पाजून ठेवली आहेस. कोस्मासनेही पाजली आहे. त्याने अर्ध्या जिल्ह्याच्या भिंती बांधल्या. आज काम नाही म्हणून त्या भिंती पडल्या का?

पण हे भाषण तू देऊ नकोस. भाषणाने कोणी उंबरा ओलांडत नाही. मी सांगते ते ऐक.

ज्या संताचं नाव आपल्याला, त्या संताच्या सणाला आपला नामदिवस; पण दानाई नावाचा संत नाही. अशा बिनसंताच्या माणसांचा नामदिवस सर्व संतांच्या रविवारी येतो, यंदा १५ जूनला. नामदिवसाला आपल्याकडे कोणी कोणाला बोलावत नाही. आपणच जातो. ज्याचा नामदिवस तो खाऊ घालतो आणि आपण खातो. त्या दिवशी घेताना कधी कोणाला कमीपणा वाटलाय? उलट गेलो नाही तर अपमान. आता सांग, डॉक्टरबाई राहतात कुठे? दवाखान्यामागच्या खोलीत. त्या खोलीत जायची वाट कुठून आहे?

पुढचं तुझं तू बघ. एवढं डोकं तुला आहे, फक्त काळजीने भरलेलं असतं.

आत्या


पेत्रोव्रिसी, मंगळवार, १७ जून

प्रिय आत्या,

तुझा गुडघा बरा असेल अशी आशा करतो. गुडघ्यामुळे लिहिता का येत नाही हे मला समजले नाही, पण बाबा म्हणाले, विचारू नकोस.

रविवारी चर्चमधून सगळे थेट डॉक्टरबाईंकडे निघाले. मी दहा दिवस आधीपासून फक्त एवढेच करत होतो. दिसेल त्याला विचारायचे, "पंधराला डॉक्टरबाईंकडे काय नेणार?" कोणी काही न नेण्याची शक्यताच मी ठेवली नाही. पोलिक्सेनीबाईंनी अक्रोडाचा केक केला. बाबांनी लग्नातला कोट घातला आणि ताज्या चीजची पुडी घेतली.

डॉक्टरबाईंनी आंबट चेरींचा मुरांबा केला होता. छोट्या बशीत चमचाभर मुरांबा आणि थंड पाण्याचा पेला, सगळे रीतसर. फक्त मागच्या खोलीत जायच्या वाटेवर, दवाखान्यातच, एक खुर्ची आणि रक्तदाबाचे यंत्र मांडले होते. "आधी हात, मग गोड," त्या प्रत्येकाला म्हणत होत्या. खोटे एकही नाव चढवायचे नाही, असे त्यांचे आणि माझे आधीच ठरले होते. ज्याला खरोखर तपासले त्याचीच नोंद.

पण पहिला कोण, यावर दारात सगळे अडले. सणाचे कपडे घातलेली माणसे पायरीखाली उभी आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, "तुम्ही चला, तुम्ही वडील." तेवढ्यात बाबांनी कोस्मासचा दंड धरला आणि म्हणाले, "चल रे. हे दार तूच बसवलंस ना? मग बघू उघडतं का." दवाखान्याची ती चौकट खरोखरच कोस्मासने बसवली होती. दोघे बरोबरच आत गेले आणि मग कोणी थांबले नाही.

संध्याकाळपर्यंत गावातले जवळजवळ सगळे होऊन गेले. आखिलेआस अध्यक्ष म्हणून सर्वांना आत सोडत होता आणि आपण शेवटी बसला. डॉक्टरबाईंनी बोटातून रक्त काढले, यंत्राकडे पाहिले आणि मुरांब्याची बशी त्याच्यासमोरून उचलली. "अध्यक्ष, तुम्हाला गोड नाही. आज नाही आणि उद्याही नाही. साखर केवढी आहे माहिती आहे का तुमची?" तो पांढराफटक पडला. वर्षानुवर्षे त्याने आपल्या कॉफीखान्यात साऱ्या गावाची दुखणी ऐकली. स्वतःचे कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण गल्ल्यापलीकडे उभा राहून कॉफी तोच करत होता.

सोमवारी मी खिडकीतून पाहिले. आठ वाजता पोलिक्सेनीबाई दवाखान्याच्या पायरीवर. पाद्रीबाबांची बायको समोरून आली आणि तिने विचारले, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "काल गर्दीत सगळं सांगून झालं नव्हतं." आणि पाद्रीबाबांची बायको त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली.

निवेदन पाचव्यांदा लिहिले, पानभरच. दवाखाना राहावा, डॉक्टर राहावी, आणि शिक्का असो नसो, जो आत येईल त्याला तपासावे. पुढच्या मंगळवारी, २४ तारखेला, विभागाचे साहेब स्वतः पाहायला येणार आहेत. मला साहेबांपुढे बोलता येत नाही, आत्या. तू येशील का?

लाम्ब्रोस


यानिना, २० जून

लाम्ब्रो,

येते. मंगळवारच्या पहिल्या बसने.

पण येण्याआधी एक लिहून टाकते, कारण तोंडावर मला जमणार नाही. शेजाऱ्यांचा रंग उरला नव्हता. शेजारी रंग लावत नाहीत, त्यांच्या भिंती बघायच्या लायकीच्या नाहीत. तो रंग मी विकत आणला. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. वाचून आधी मला आनंद झाला होता, बाळा. वाटलं, आता स्तेर्गिओस येईल, सकाळी कोणीतरी माझ्याशी भांडेल. म्हणून तुला निवेदनाचं धड सांगितलं नाही, आणि म्हणून महिनाभर गुडघा दुखला.

मग तुझं ते सभेचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तो कोपऱ्यात बसून सगळ्यांसमोर बोलला म्हणतोस. चौथ्या मजल्यावर तो कोणासमोर बोलला असता?

हे त्याला वाचून दाखवू नकोस. वाचून दाखवलंस तरी चालेल.

आत्या


पेत्रोव्रिसी, शुक्रवार, ११ जुलै, सकाळचे सात

प्रिय आत्या,

पत्र आले! साहेबांनी जाताना पुढे ढकललेली ३० जूनची तारीख आता रद्दच झाली, दवाखाना चालू राहणार. डॉक्टरबाईंची मुदत एक वर्ष वाढली आहे आणि त्या आनंदात आहेत. पुस्तकावर शिक्का नसलेल्यांनाही तपासावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य मी कोस्मासला तीनदा वाचून दाखवले. रक्त तपासण्याच्या मोठ्या यंत्रासाठी मात्र पैसे नाहीत असे कळवले आहे, म्हणून समिती मोडायची नाही असे ठरले. आखिलेआस म्हणाला, "वर्षभराने पुन्हा तेच पत्र येईल, तेव्हा आपण आधीपासून जागे असू."

साहेब आले त्या दिवसाचे इतिवृत्त मी लिहिले आहे. तुझे बोलणे बरोबर उतरले आहे का ते पाहा.

साहेब: "एका रविवारी सगळं गाव? नामदिवसाला? हे मी कसं धरू?"

एव्हान्थियाबाई: "मग त्यानंतरचे दिवस धरा. ते साधे आहेत."

साहेबांनी त्यानंतरच्या नोंदी वाचल्या. नंतर ते भिंतीला टेकले, कारण घाटातल्या वळणांनी त्यांना गरगरत होते. डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्चीत बसवले, रक्तदाब पाहिला, पाणी दिले आणि नोंद केली.

एव्हान्थियाबाई: "साहेब, आता तुम्हीही आमच्या आकड्यात आलात. स्वतःला वगळून दाखवा."

साहेब हसले. हे हसणे इतिवृत्तात घ्यावे की नाही, यावर मी बराच विचार केला आणि घेतले.

बाबा आता दर पंधरवड्याला सगळ्यांदेखत चौक ओलांडून जातात. परवा नाडी बरोबर चालली होती. तुझे २० जूनचे पत्र मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाले, "माझ्या शेळ्या तिच्या गॅलरीत मावत नाहीत. पण ती आमच्या घरात मावते. इथे आता डॉक्टर आहे म्हणावं, तिच्या गुडघ्यालाही." काल त्यांनी वरच्या खोलीतले चीजचे पिंप आणि जुने घोंगडे बाहेर काढले. भिंती धुतल्या आहेत. रंग उरला असेल का, असे विचारले आहे.

समितीचा हिशेब खाली देतो. बेरीज दोनदा तपासली आहे.

खर्च: कागद व पाकिटे ३ युरो ४०. निवेदनाच्या छायाप्रती २ युरो. मुरांब्याच्या साखरेचे पैसे डॉक्टरबाईंनी घेतले नाहीत. एकूण ५ युरो ४०, आखिलेआसने आपल्या गल्ल्यातून दिले.

देणे: आखिलेआसला वरचे ५ युरो ४०, आणि साहेबांच्या कॉफीचा १ युरो २०. एकूण ६ युरो ६०. डॉक्टरबाई आता अकरा वाजता येत नाहीत म्हणून बुडालेल्या कॉफ्यांची भरपाईही त्याने मागितली. ती सभेने हसून फेटाळली.

तुला देणे: तुझी एक परात, जी तू जूनमध्ये इथे विसरून गेलीस. ती रिकामी पाठवायची पद्धत नाही, आणि भरून पाठवावी तर बाबा झिसिसकडे देऊ देत नाहीत. ते म्हणतात, घ्यायला तिनेच यावे.

तुझा,
लाम्ब्रोस